केमो पुढच्या सोमवारी सुरू होतेय, मुलं ७ आणि २ वर्षांची. घरात काय नि कसं सांगू?

दोन_पिलांची_आई | २९ मार्च, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहितेय पहिल्यांदाच. मुलं आत्ता झोपली म्हणून वेळ मिळाला.

वय ३६, नागपूर, प्रतापनगर. धाकटीचं दूध डिसेंबरात सोडवलं आणि जानेवारीत उजवीकडे गाठ हाताला लागली. दुधाची असेल, जिरेल, म्हणून शेकत बसले. एका दवाखान्यात दाखवलं तर तिथेही 'दूध साठलंय' म्हणाले आणि गोळ्या दिल्या. त्यात सहा आठवडे गेले. मग बहिणीने हट्टाने सोनोग्राफीला नेलं, तिथून मॅमोग्राफी, तिथून बायोप्सी. १४ मार्चला रिपोर्ट आला. स्तनाचा कॅन्सर, दुसरी स्टेज, काखेतल्या एका गाठीतही आहे. बायांनो, अंगावर पाजत असाल किंवा नुकतंच सोडवलं असेल, आणि गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर सोनोग्राफी मागून घ्या. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढे सगळे माझेच प्रश्न आहेत.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असं ठरलंय. केमो दर २१ दिवसांनी एक अशा ४, त्यानंतर दर आठवड्याला एक अशा १२. डावीकडे गळ्याच्या हाडाखाली पोर्ट, म्हणजे शिरेत औषध द्यायची कातडीखालची छोटी डबी, बसवून झालाय.

मोठा मुलगा यंदा दुसरीत जाईल. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. सासरची, माहेरची सगळी मंडळी म्हणताहेत, लेकराच्या डोक्यात हे कशाला भरायचं, पोटाचा आजार आहे म्हणून सांग. पण गेले पंधरा दिवस तो फार गप्प आहे. येता-जाता 'आई, तुला अजून दुखतं का' एवढंच विचारतो. धाकटीला तर माझ्या उजव्या कुशीशिवाय झोप नाही. केमो घेतल्यावर तिला जवळ घ्यायचं की नाही? मिस्टर बुटीबोरीला शिफ्टमध्ये आहेत. घरी सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे गेलेत. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

केशरकाडी | ३० मार्च, सकाळी ६:१५

तुझी पोस्ट रात्रीच वाचली आणि झोप लागली नाही. मी मनीषनगरला असते. चार वर्षांपूर्वी माझी ट्रीटमेंट झाली, औषधं हीच. आधी लाल औषधाच्या ४, मग १२. तेव्हा मुलगी नऊची आणि मुलगा पाचचा होता. आता कॅन्सर परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे.

मुलाला सांग, आणि केस जायच्या आधी सांग. पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत केस हातात यायला लागतात, म्हणजे तुझ्याकडे फार दिवस नाहीत. मी 'पोट बिघडलंय' म्हणून पंधरा दिवस काढले. मग मुलीने माझी फाईल उघडली. 'कार्सिनोमा' (म्हणजे कॅन्सरच) हा शब्द तिला वाचता आला आणि माझ्याच फोनवर तिने तो शोधला. पुढे महिनाभर मी काहीही सांगितलं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायची, खरं सांगतेय की नाही ते ताडायची. जेवायला काय केलंय हे सांगितलं तरी.

सांगताना आजाराचं नाव घे. नुसतं 'आई आजारी' म्हटलं की उद्या आजीला सर्दी झाली तरी लेकरू धास्तावतं. मग त्याला सांग की हे तुझ्यामुळे झालेलं नाही. हा लागट आजार नाही, माझ्याजवळ झोपलास तरी तुला होणार नाही. आणि तुला शाळेत कोण सोडेल, डबा कोण भरेल, रात्री गोष्ट कोण सांगेल. या शेवटच्या गोष्टीला मोठी माणसं किरकोळ समजतात, मुलांना तीच सगळ्यात आधी हवी असते. 'मी बरी होणारच' असं वचन मी दिलं नाही. 'डॉक्टर चांगलं औषध देताहेत, आणि काही बदललं तर मी स्वतः तुला सांगेन' एवढंच दिलं आणि पाळलं.

आता २१ दिवसांचं गणित. माझं असं असायचं: केमोच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी, तिसऱ्यापासून पाचव्या-सहाव्यापर्यंत अंथरुणात, मग हळूहळू उठणं, आणि शेवटचा आठवडा जवळजवळ माझा. आम्ही फ्रीजवर कॅलेंडर लावलं. झोपायचे दिवस निळे, जपायचे पिवळे, खेळायचे हिरवे. रंग मुलाने भरले. त्याचा वाढदिवस निळ्यात येत होता, तो आम्ही हिरव्यात नेला. त्याची काही तक्रार नव्हती, कारण त्याला तारखा वाचता येत नव्हत्या, रंग कळत होते.

वॉर्डातली_ताई | ३० मार्च, दुपारी ३:०५

मी केमोच्या डे-केअर वॉर्डात सिस्टर आहे. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. रोज आया जे विचारतात तेच लिहिते.

लेकीला जवळ घ्या. मिठी मारल्याने, पापा घेतल्याने, एका अंथरुणात झोपल्याने औषध बाळाला लागत नाही. जपायचं ते लघवी, शौच आणि उलटीला, केमोनंतर साधारण ४८ तास. कमोडचं झाकण लावून दोनदा फ्लश करा, हात साबणाने धुवा, उलटीचं भांडं उचलणाऱ्याने ग्लोव्ह्ज घालावेत, आणि बाळाची पॉटी त्या संडासात ठेवू नका. लाल औषधाने एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. घरात एकच संडास असेल तर मोठ्या मुलाला हे आधीच सांगून ठेवा.

सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी खाली जातात. थर्मामीटर उशाशी ठेवा. १००.४ ताप दिसला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजलेले असले तरी फोन करून निघायचं. गोळीने ताप उतरतो आणि इन्फेक्शन आत तसंच वाढतं. रडणाऱ्या बाळाला टाकून कशी जाऊ म्हणून थांबलेल्या बाया मी पाहिल्यात. म्हणून 'रात्री निघावं लागलं तर मुलांजवळ कोण' हे आजच ठरवा आणि त्या माणसाला घराची किल्ली देऊन ठेवा.

शाळेत कांजिण्या निघाल्या आणि तुमच्या मुलाचा संबंध आला, तर त्याला पुरळ यायची वाट न बघता त्याच दिवशी कळवा. पोलिओच्या रविवारी धाकटीला थेंब द्यायच्या आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा. थेंबातला विषाणू क्षीण केलेला पण जिवंत असतो आणि काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. इंजेक्शनच्या लशीत तसं नसतं. पेट स्कॅनसाठी किरणोत्सर्गी औषध टोचतात, म्हणून तो झाला की काही तास लहान मुलांपासून आणि गरोदर बायांपासून लांब राहायचं, किती ते स्कॅनवाले सांगतात. बाहेरून देतात त्या रेडिएशनचं मात्र तसं नाही, मशीनवरून उतरून थेट मुलीला उचललंत तरी चालतं.

ओसरी | ३० मार्च, संध्याकाळी ७:३०

बाळा, मी महालातली. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. तुला सगळे सांग म्हणताहेत, माझं मत थोडं वेगळं आहे. खोटं बोलू नको, हे पटतं. पण सात वर्षांच्या पोराच्या हाती हा शब्द दिला की तो शाळेत जातो, व्हॅनमध्ये जातो, आणि दुसरं एखादं पोर घरी ऐकलेलं बोलून टाकतं, 'म्हणजे तुझी आई मरणार'. माझ्या वर्गात हे घडलेलं आहे. तो मुलगा आठवडाभर डब्याला शिवला नाही. तेव्हा सांगायचंच असेल तर त्याच्या वर्गशिक्षिकेला आधी भेट. व्हॅनच्या काकांनाही सांग. शब्द दिलास तर त्या शब्दाचं उत्तरही हाती दे.

अंगणातली_जुई | ३० मार्च, रात्री १०:५०

हे लिहू की नको, असा दिवसभर विचार केला. माझी आई आज ६४ वर्षांची आहे आणि ठणठणीत आहे, हे आधी वाच, मग पुढचं वाच.

मी आठ वर्षांची होते. मला काही सांगितलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे वर्ध्याला नेलं, आणि सुट्टी संपली तरी परत आणलं नाही. तिथल्याच शाळेत नाव घातलं. मामा-मामींनी जीव लावला, कमी काही पडू दिलं नाही. पण मला वाटलं, आईने मला देऊन टाकलं. भाऊ लहान होता, तो तिच्याजवळच होता, म्हणून मी विचार करायची की मीच काय वाईट केलं. रोज संध्याकाळी मी मामीला भांडी विसळू लागायचे, म्हणजे इथून तरी पुढे देणार नाहीत.

आईला हे मी माझं लग्न झाल्यावर सांगितलं. ती म्हणाली, 'तुला माझं टक्कल दिसू नये म्हणून पाठवलं गं.'

मुलांना लांब ठेवावंच लागलं तर ठेव. पण का, किती दिवस, आणि घ्यायला कोण येणार, हे सांगून ठेव.

दोन_पिलांची_आई | १ एप्रिल, रात्री ११:१०

जुई, तुझी पोस्ट मी मिस्टरांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यानंतर दोघांचंही ठरलं.

आज सांगितलं. गच्चीवर बसलो होतो, तो कूलरच्या ताट्यातून काढलेल्या जुन्या वाळ्याच्या काड्या मोडत होता. मी म्हटलं, आईच्या छातीत एक गाठ आहे, तिला कॅन्सर म्हणतात, डॉक्टर औषध देणार आहेत, त्या औषधाने केस जातील आणि मग परत येतील. तो काड्या मोडतच राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, 'मी डोकं मारलं होतं ना तिथे.'

मला क्षणभर कळेचना. मग आठवलं. दिवाळीत आम्ही बैलांच्या टकरीचा खेळ खेळत होतो, तो पळत येऊन मला धडकला होता आणि मी 'आई गं' करून खाली बसले होते. तिथेच, उजवीकडे. चार-पाच महिने होऊन गेले, माझ्या लक्षातही नव्हतं. मी फोनवर बहिणीला 'उजवीकडे गाठ लागली' म्हणाले ते याने ऐकलं आणि स्वतःच जुळवून ठेवलं. तो रोज 'अजून दुखतं का' विचारायचा ते यासाठी. पंधरा दिवस हे लेकरू एकटं घेऊन फिरत होतं.

मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं की धक्का लागून कॅन्सर होत नाही. त्याला माझ्या म्हणण्याचा भरवसा वाटेना. तेव्हा मिस्टरांनी डॉक्टरांना मेसेज करून विचारलं, त्याच्याशी बोलाल का. त्यांनी रात्री साडेनऊला फोन केला, त्याचं नाव घेऊन त्याच्याशी बोलल्या. मग तो रडला, आणि मग जेवला.

काकू, त्याच्या बाईंना उद्याच भेटतेय.

गोंदियावाले_भाऊ | २ एप्रिल, सकाळी ९:२०

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं जी. मी नवऱ्याच्या बाजूनं लिहून राहिलो. आमच्या घरच्यांचा, म्हणजे बायकोचा, इलाज मागच्या वर्षी नागपूरलेच झाला. मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) म्हणा, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल म्हणा, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट म्हणा, सगळ्या विदर्भातले, छत्तीसगड-मध्य प्रदेशातले लोकं येतेत. पोट्टे आमचे गोंदियालेच आजीपाशी होते. रोज रात्री आठचा व्हिडिओ कॉल ठरलेला. ज्या दिवशी तिच्यात बोलायची ताकद नसे, त्या दिवशी ती नुसती फोनपुढं पडून राहायची आणि पोट्टे तिकडं जेवायचे. पण आठचा कॉल कधी चुकला नाही.

पैशाचं सांगतो. महात्मा फुले जन आरोग्य योजना पाहून घ्या, रेशनकार्ड आणि आधार लागते, योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असते. आधी मंजुरी घ्या, मग इलाज सुरू, नंतर जुनी बिलं मागता येत नाहीत. बाहेरगावचे कोणी वाचत असतील तर रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटले स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्याले ७५ टक्के. त्याच्यासाठी दवाखान्याचं सर्टिफिकेट ठरलेल्या नमुन्यात लागते.

आणि एक. लोकं म्हणतात 'काही लागलं तर सांगा'. तसं कोणी सांगत नसते. मी वहीत कामं लिहिली: मंगळवार-गुरुवार पोट्ट्याले ट्यूशनले सोडणं, शनिवारी किराणा, रविवारी दुपारचा डबा. ज्यानं विचारलं त्याले वही दिली, म्हटलं एकावर नाव टाका. सगळ्यांनी टाकली.

दोन_पिलांची_आई | २६ एप्रिल, दुपारी १:१५

उद्या दुसरी केमो. आज ४४ डिग्री आहे, कूलर दोन्ही चालू आहेत, मुलं ताट्यासमोर झोपलीत.

केस पंधराव्या दिवशी जायला लागले. उशीवर, धाकटीच्या मुठीत, पोळीच्या कणकेत. सतराव्या दिवशी मशीन फिरवलं. मला स्वतःपेक्षा सासूबाईंची धास्ती होती. सवाष्णीने डोकं भादरायचं, हे त्यांच्या मनाला कुठे लागेल ते मला माहीत होतं. त्या सकाळपासून देवघरात बसून होत्या, बोलल्या नाहीत. मिस्टरांनी मशीन सुरू केलं तेव्हा उठून आल्या, माझ्या खांद्यावर त्यांचं धुवट मऊ लुगडं घातलं, सगळं होईपर्यंत हनुवटी धरून उभ्या राहिल्या. गुडघे दुखत होते तरी बसल्या नाहीत. नंतर मला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, 'आता न्हाऊन घे.' बस, एवढंच.

धाकटी दोन दिवस माझ्याकडे आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आवाजावरून ओळख पटली असावी. आता पोर्टला 'बटण' म्हणते आणि झोपताना चाचपून बघते.

तोंडाला चव नाही, सगळं लोखंडासारखं लागतं. काय खाता येतं?

केशरकाडी | २६ एप्रिल, दुपारी २:००

स्टीलचा चमचा बाजूला ठेव, लाकडी घे. मला ज्वारीची आंबील आणि कैरीचं पन्हं उतरायचं. तोंड आलं की मात्र आंबट बंद, पन्हंही झोंबतं आणि संत्रंही. मीठ आणि खायचा सोडा टाकून कोमट पाण्याच्या गुळण्या कर, दिवसातून चार-पाचदा. फळं सालीची, घरी सोललेली. बाहेरचे पोहे, पाणीपुरी, उसाचा रस सध्या नको. नातेवाईक कसलेही रस आणि काढे आणून देतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही घेऊ नको, केमोच्या औषधाशी काय जुळतं ते त्यांनाच ठाऊक.

दोन_पिलांची_आई | १२ जुलै, रात्री १०:३०

ओसरी काकू, तुम्ही म्हणालात तसंच झालं. शाळा सुरू होऊन दोनच आठवडे झाले आणि व्हॅनमध्ये एक मुलगा ते बोलला. पण बाईंना आणि व्हॅनच्या काकांना माहीत होतं. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि माझ्या मुलाला पुढे आपल्या शेजारी बसवलं. घरी आल्यावर त्याने मला विचारलं, 'मरणार का?' मी म्हटलं, कॅन्सरने काही माणसं मरतात, पुष्कळ माणसं बरी होतात, माझी गाठ औषधाने लहान झालीय, परवाच डॉक्टरांनी मोजली. 'किती?' म्हणाला. मी बोटांनी दाखवलं, आधी लिंबाएवढी होती, आता चिंचोक्याएवढी. दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये त्याने त्या मुलाला तेच बोटांनी दाखवलं, असं काका म्हणाले.

तुम्ही सावध केलं नसतं तर मी बाईंना भेटले नसते. मनापासून आभार.

ओसरी | १३ जुलै, सकाळी ७:००

बरं केलंस, बाळा. मीही शिकले. चिंचोका मला सुचला नसता.

दोन_पिलांची_आई | तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री ९:४५

आठवड्याच्या १२ पैकी १० झाल्या. मध्ये एकदा पेशी कमी होत्या म्हणून एक आठवडा पुढे गेलं. या औषधाने उलट्या नाहीत, पण बोटांची टोकं बधिर झालीत. सकाळी मुलाच्या शर्टाची बटणं लावायला बसते आणि बटण चिमटीत आहे की नाही हेच कळत नाही. डोळ्यांनी बघून लावावं लागतं. एका शर्टाला दहा मिनिटं. पहिल्या दिवशी व्हॅन हॉर्न देत होती आणि मी रडत होते. सिस्टरांना सांगितलं, तर डॉक्टरांनी डोस थोडा कमी केला आणि बजावलं की बधिरपणा वाढला तर लपवायचं नाही. आता तो खालची बटणं स्वतः लावतो, वरची दोन माझ्यासाठी ठेवतो.

काल त्याचा लाकडी बैल सजवला. झूल सासूबाईंनी शिवली, शिंगांना बेगड त्याने चिकटवलं, माझ्याकडे चाकाची दोरी ओवायचं काम होतं, ते जमलं. धाकटी यंदा पहिल्यांदा दादाबरोबर घरोघर गेली, बोजारा (पोळ्याचे पैसे-खाऊ) गोळा करून आली, मुठीत दहाची नोट घट्ट धरून.

आता ऑपरेशन दसऱ्याच्या आधी होईल. गाठ लहान झालीय तरी स्तन पूर्ण काढायचा की गाठच, ते नव्या स्कॅननंतर कळेल. काखेतल्या गाठीही काढणार. मला एकच भीती आहे, धाकटी उजव्या कुशीत झोपते. जखमेतलं पाणी काढायची ड्रेनची नळी असताना तिला कसं आवरू? उचलायचं तर नाहीच म्हणतात.

वॉर्डातली_ताई | त्याच रात्री, १०:२०

डॉक्टर परवानगी देईपर्यंत उचलायचं नाही, बरेचदा काही आठवडे जातात. तुम्ही पलंगावर बसा आणि तिला स्वतः चढून येऊ द्या, खाली एक पाट ठेवा. ड्रेनच्या डब्याला लांब पट्ट्याची कापडी पिशवी शिवून घ्या, ती कुर्त्याच्या आत राहते, ओढली जात नाही. झोपताना उजव्या हाताखाली उशी ठेवा, तीच मध्ये कुंपण होते. हाताचे व्यायाम फिजिओ सांगतील त्या दिवसापासून करा, कंटाळा करू नका, नाहीतर हात वर जात नाही. आणि कूस बदलायची तर आजपासून बदला. ऑपरेशननंतर एकदम दूर केलं तर तिला वाटेल, आई रागावली.

दोन_पिलांची_आई | तीन दिवसांनी, रात्री ११:००

पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत रडली. उजवीकडे उशी, उशीच्या पलीकडे दादा, आणि ही डावीकडे. दुसऱ्या रात्री उशीवरून चढून परत आली. आज डावीकडेच झोपलीय. इतके दिवस तिला हात लांब करावा लागायचा, आता बटण तिच्या अगदी जवळ आहे. त्यावर हात ठेवून झोपलीय.

सासूबाई उद्या पिशवी शिवायला घेणार आहेत. कापड मुलाने निवडलं, बैलाच्या झुलीतलं उरलेलं.